पाटी खरी, कायदा वेगळा

जर्मनीत बांधकामाच्या कुंपणावर हमखास एक पाटी असते, बहुधा पिवळी: ‘आत जाण्यास मनाई. मुलांसाठी पालक जबाबदार.’ पुण्याहून तिकडे गेलेली मंडळीच काय, कित्येक जर्मनही ती अक्षरशः खरी मानतात. पोरानं काच फोडली की बापानं भरून द्यायची.

तसं नाही. जर्मन नागरी संहितेचं कलम ८३२ म्हणतं, देखरेखीत कसूर झाली असेल तरच पालकांनी भरपाई द्यायची. कसूर नव्हती हे दाखवायचं ओझं मात्र त्यांच्यावर. ते दाखवलं की सुटका. त्यात ७ वर्षांखालचं मूल स्वतःही जबाबदार धरलं जात नाही, त्यामुळे कधीकधी शेजाऱ्याला दमडीही मिळत नाही!

देखरेख म्हणजे किती? मुलांनी उभ्या गाड्यांवर ओरखडे काढल्याच्या खटल्यात २००९ साली तिथल्या संघीय न्यायालयानं ५ वर्षांचं मूल बाहेर खेळत असताना दर १५ ते ३० मिनिटांनी नजर टाकणं पुरेसं मानलं. आपल्याकडच्या आजीला हे ऐकून घेरीच येईल. आणि पाटी लावली म्हणून बिल्डर मोकळा होत नाही. कुंपण धड नसेल तर ते त्याच्याच अंगाशी येतं.

पाटीवरचं वाक्य खरं ठरतं ते ऱ्हाईनपलीकडे, फ्रान्समध्ये. १२ वर्षांच्या मुलाची सायकल मोटरसायकलला धडकली, त्या खटल्यात १९९७ साली निकाल लागला: आईवडिलांची चूक असो वा नसो, भरपाई त्यांचीच. अपवाद दोनच, अटळ आपत्ती किंवा नुकसान झालेल्याचीच चूक. तिथल्या घराच्या विम्यात मुलांचे हे प्रतापही बहुधा धरलेले असतात.