एनजीटीचा दंड वेगळा, गावकऱ्याची भरपाई वेगळी

‘खाणमालकाला एनजीटीचा दणका’ अशी बातमी छापून आली (एनजीटी म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण), की ग्वाल्हेरजवळच्या, खदानींच्या बिलौआकडे शेती असलेलं ओळखीतलं कुणीतरी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी येऊन विचारतंच, “काका, त्यातले आमच्या वाट्याला किती?” बहुतेक वेळा उत्तर शून्य असतं. दोष विचारणाऱ्याचा नाही. ‘भरपाई’ हा एकच शब्द दोन वेगळ्या पैशांना चिकटवलाय, आणि बातमीदारांना त्याचं सोयरसुतक नाही.

पहिली पर्यावरणीय भरपाई. ती सगळ्यांना माहीत असते, कारण मथळे तिचेच. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजायची. पैसा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा पर्यावरण सहाय्य निधीत जातो, आणि हवा, पाणी, जमीन सुधारण्यासाठी असतो. तुमच्या तडा गेलेल्या भिंतीचा हिशेब त्यात नसतो.

दुसरी पीडिताची भरपाई. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. 2010 च्या हरित न्यायाधिकरण कायद्यात कलम 14 आणि कलम 15 शेजारीशेजारी आहेत. ‘खदान थांबवा, धूळ आवरा’ हा वाद कलम 14 चा; मुदत सहा महिने. ‘माझं पीक गेलं, बैल मेला, औषधाला इतके लागले, मजुरी बुडाली’ हे कलम 15 चं. मुदत पाच वर्षं. दोन्हींत सबळ कारण दाखवलं तर साठ दिवस वाढवून मिळू शकतात. मुदत मोजायची ती कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून. ‘सुरुंग अजून उडताहेत, मग मुदत कसली संपते?’ हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय, की आता नुसतं कलम उघडून ‘पहिल्यांदा’ या शब्दावर बोट ठेवतो.

कशाकशाची भरपाई मागता येते, ते कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलंय. पण अर्ज बघाल तर चौदा पानं खदानीच्या पापांची आणि शेवटी एक ओळ, ‘योग्य ती भरपाई द्यावी.’ ही ओळ मला डोळ्यांसमोर नको. नाव, खसरा (गट) नंबर, कुठल्या हंगामाचं कुठलं पीक, पटवारीचा (तलाठ्याचा) पंचनामा, दवाखान्याची बिलं, मागितलेला आकडा, असा तक्ता जोडा. गावाने अधिकार दिलेली संस्थाही अर्ज करू शकते, पण नुकसान माणशी वेगळं मांडलेलंच बरं. फी मागणीच्या एक टक्का, किमान हजार रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. खदानीतल्या मजुराची स्वतःची दुखापत हा वेगळा मामला. त्याने कामगार कायद्याच्या वकिलाकडे जावं.

डीएमएफचा, म्हणजे जिल्हा खनिज न्यासाचा, पैसा तिसराच. 2015 पासून रॉयल्टीच्या जोडीला खाणवाल्याकडून तो जिल्ह्याच्या न्यासात जमा होतो. त्यातून गावाला नळ येईल, तुमचा बैल नाही.

“हायकोर्टाचं खंडपीठ इथे ग्वाल्हेरात असताना एनजीटीच्या भोपाळ खंडपीठाकडे कशाला?” असंही विचारतात. खदान तातडीने थांबवायची असेल तर इथल्या वकिलाशी जरूर बोला. पण पिकाबैलांचा हिशेब रिट याचिकेत मांडणं अवघड, आणि दिवाणी कोर्टाचं दार कलम 29 ने लावलेलं. म्हणून तक्ता घेऊन भोपाळची गाडी पकडा.