तिर्यक् आघात तरंग (वाहिनीतील)

स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने वाहणारी हवा वाहिनीच्या भिंतीमुळे प्रवाहाच्याच बाजूला एकदम वळली, की वळणाच्या कोपऱ्यापासून तिरकी निघणारी दाबवाढीची सीमा. तिची जाडी रेणूंच्या सरासरी मुक्त पथाच्या (दोन टकरींदरम्यान रेणू कापत असलेल्या सरासरी अंतराच्या) जेमतेम काही पट असते. त्यामुळे गणितात ती जाडी नसलेली रेषाच धरतात.

या कल्पनेचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. दाब व घनता यांतील तुटक उडीची शक्यता स्टोक्स यांनी 1848 मध्ये मांडली आणि टीकेनंतर मागे घेतली. रीमान यांनी 1860 मध्ये तरंगातून जाताना एंट्रॉपी (ऊर्जेच्या विस्कळितपणाचे माप) स्थिर राहते असे गृहीत धरले, ते चुकीचे ठरले. योग्य समीकरणे रँकिन (1870) व ह्यूगोनिओ (1887) यांची. गोळीभोवतीच्या तरंगांची छायाचित्रे 1886 च्या सुमारास फ्युमे (आजचे क्रोएशियातील रिएका) येथे पेटर झाल्खर यांनी घेतली आणि प्रागहून मार्गदर्शन करणाऱ्या एर्न्स्ट माख यांच्यासह ती व्हिएन्नाच्या अकादमीपुढे मांडली. त्यामुळे सर्व श्रेय माख यांना देण्याची रूढी पडली. झाल्खर यांचे नाव सहसा गळते. तथापि तिरक्या तरंगाचा कोन गणिताने काढण्याचे काम प्रांटल यांचे विद्यार्थी थिओडोर मायर यांनी गटिंगेन येथील 1908 च्या प्रबंधात केले. दर्शन आणि विश्लेषण या दोन गोष्टी वेगळ्या धरल्यास विश्लेषणाचा आरंभ तेथूनच धरणे अधिक सयुक्तिक होय.

विश्लेषणाची मेख साधी आहे. वेगाचे दोन घटक पाडतात. तरंगाला समांतर घटक तरंग ओलांडताना बदलत नाही. लंब घटक मात्र लंब आघात तरंगाचेच, म्हणजे प्रवाहाला काटकोनात उभ्या तरंगाचेच, नियम पाळतो. यावरून वळणकोन, तरंगकोन व माख अंक (हवेचा वेग ध्वनिवेगाच्या किती पट ते) यांची सांगड बसते. त्याच वळणाला दोन उत्तरे मिळतात: दुर्बल तरंग व प्रबल तरंग. सामान्यतः दुर्बल तरंगच दिसतो, पण हवा बाहेर पडते त्या वाहिनीच्या टोकाला दाब वाढवल्यास प्रबल तरंगही उभा राहू शकतो.

उदाहरणार्थ, माख 2 च्या हवेपुढे खालच्या भिंतीवर 10 अंशांची पाचर असेल, तर तरंग 39.3 अंशांवर निघतो, दाब 1.71 पट होतो व माख अंक 1.64 वर येतो. वरच्या सपाट भिंतीवर तरंग परततो. तेथे हवा पुन्हा 10 अंश वळून सरळ होते, दाब मूळच्या सुमारे 2.8 पट होतो आणि माख अंक 1.28 च्या आसपास उतरतो. परतलेला तरंग भिंतीशी 39.4 अंशांचा कोन करतो. आरशासारखी ही समानता केवळ योगायोगाची आहे: माख 3 ला तीच पाचर घेतल्यास येणाऱ्या तरंगाचा कोन 27.4, तर परतणाऱ्याचा सुमारे 22 अंश येतो. आता तिसऱ्यांदा पाचरेच्या पृष्ठावर 10 अंशांचे वळण हवे, पण 1.28 ला जास्तीत जास्त 6 अंशांच्या आसपासच वळण शक्य असते. मग साधे परावर्तन मोडते आणि भिंतीलगत जवळपास लंब असा माख-स्तंभ उभा राहतो. या परावर्तनाची नोंद माख यांनी 1870 च्या दशकातच केली होती; त्याचे गणिती विवेचन फोन नॉयमन यांनी 1943 मध्ये केले.

वरील हिशेब घर्षणरहित हवेचा आहे. प्रत्यक्षात तरंग भिंतीवरील संथ सीमास्तरावर (घर्षणाने मंदावलेल्या हवेच्या पातळ थरावर) आदळतो व तो स्तर फुगतो किंवा भिंतीपासून सुटतो. परावर्तन एका बिंदूत न होता पसरते. लीपमन, रोश्को व सतीश धवन यांनी कॅलिफोर्नियात याचाच अभ्यास केला. धवन पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

विमानाच्या अंतर्ग्राहीत (इंजिनात हवा घेणाऱ्या वाहिनीत) एका लंब तरंगाऐवजी क्रमाने तिरके तरंग योजतात, कारण माख 2 ला लंब तरंगात एकूण दाबाचा (हवा विनाऱ्हास थांबवल्यास मिळणाऱ्या दाबाचा) सुमारे 28 टक्के ऱ्हास होतो, तर वरील पहिल्या तिरक्या तरंगात केवळ दीड टक्का. काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाच्या अंतर्ग्राहीतील हलते उतार याच हेतूने बसवलेले होते.