अंड्याचा पांढरा आणि आपली फुफ्फुसं, एकाच भावकीतले

आमच्या कोल्हापुरात तालमीतल्या पोरांच्या खुराकात दूध-बदामासोबत अंडी असतातच, आणि त्या पांढऱ्यातलं निम्म्याहून जास्त प्रोटीन म्हणजे ओव्हलब्युमिन, ते आपल्या रक्तातल्या एका प्रोटीनच्या भावकीतलं आहे हे मला एमएस्सीला कळलं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला होता.

सुरुवात 1963 ची, स्वीडनमधलं माल्मो. कार्ल-बर्टिल लॉरेल रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विजेनं रक्तातली प्रोटीन्स वेगळी करायची चाचणी) पट्ट्या बघत होते, काही पेशंटच्या पट्टीवर अल्फा-1 नावाच्या प्रोटीन गटाचा पट्टाच दिसेना. ज्युनियर एरिक्सनना घेऊन ते मागेच लागले, असे पाच पेशंट निघाले आणि त्यातल्या तिघांना एम्फिसीमा, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटत जाण्याचा आजार. गायब होतं ते अल्फा-1 अँटिट्रिप्सिन. पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात, त्याला आवरणारं हे प्रोटीन कमी पडलं की ते फुफ्फुसच पोखरतं, सिगारेट ओढणाऱ्याचं तर फार लवकर.

मग 1980 ला हंट आणि डेहॉफनी अँटिट्रिप्सिन, रक्त गोठणं आवरणारं अँटिथ्रॉम्बिन आणि कोंबडीचं ओव्हलब्युमिन यांचे सिक्वेन्स, म्हणजे प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम, शेजारी ठेवून बघितले तर तिघं एकाच घराण्यातले! 1985 ला नाव पडलं सर्पिन. काम उंदराच्या सापळ्यासारखं, बाहेर एक लूप आमिष म्हणून लोंबत असतो, एन्झाइमनं तो तोडला की लूप झटकन आत जातो आणि चिकटलेलं एन्झाइम फरफटत दुसऱ्या टोकाला जाऊन निकामी होतं.

माणसात असे 35 च्या वर जीन्स आहेत, बरेच 14 नंबरच्या क्रोमोसोमवर लागून लागून, वाटणी झाल्यावर भावांनी शेजारीच घरं बांधावीत तसे. जीनची कॉपी होते, एक जुनं काम करतो, दुसरा बदलायला मोकळा. सर्पिनए3 नावाचा जीन माणसात एकच, उंदरात त्याच्या डझनभर कॉप्या. काहींनी तर सापळ्याचं कामच सोडलं, ओव्हलब्युमिन त्यातलंच, आणि बीपीशी संबंधित अँजिओटेन्सिनोजेनसुद्धा. 1987 ला हिल आणि हेस्टीनी दाखवलं की सगळ्यात वेगानं बदलतो तो आमिषाचाच भाग, बाकी सापळा बऱ्यापैकी तसाच राहतो. मला या सगळ्यात हेच सगळ्यात भारी वाटतं.

आणि आमिष बदललं की सावज बदलतं हे माणसात दिसलंही होतं, 1983 ला पिट्सबर्गच्या एका मुलाची केस छापून आली, अँटिट्रिप्सिनच्या आमिषात 358 नंबरला मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनिन, एवढाच बदल, पण त्यामुळं सापळ्यात इलास्टेजऐवजी रक्त गोठवणारं एन्झाइम थ्रॉम्बिन अडकायला लागलं, रक्त गोठेना, आणि तो मुलगा रक्तस्रावानं गेला.