मालिश

अंगाची कातडी आणि तिच्याखालचे स्नायू हाताने, क्वचित कोपराने किंवा पायाने चोळण्याची, दाबण्याची क्रिया. मर्दन, अंगमर्दन, अभ्यंग हे तिचे संस्कृत पर्याय. ‘मालिश’ हा शब्द चोळणे या अर्थाच्या फारसी ‘मालीदन’वरून आला.

या कामासाठी मराठीत क्रियापदांची चैन आहे आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तेल चोळतात, पाय चेपतात, डोके दाबतात, पैलवानाचे अंग रगडतात. (अंग ‘तिंबून काढणे’ म्हणजे मात्र मार देणे!) युरोपात हेच भेद फ्रेंच नावांनी ओळखले जातात : लांबवर हात फिरवणे म्हणजे एफ्लराज, कणकेसारखे मळणे पेत्रिसाज, थापटणे तापोतमाँ. ही मांडणी डच वैद्य योहान मेझगर (१८३८–१९०९) यांच्या नावावर आहे. तिच्यावर उभ्या राहिलेल्या पद्धतीला ‘स्वीडिश मसाज’ म्हणतात. त्याचे श्रेय वर्षानुवर्षे पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश व्यायामशिक्षकाला दिले गेले, ते बरेचसे चुकून.

आयुर्वेदात अभ्यंग रोजच्या दिनचर्येत येतो. तेल दिलेले कातडे किंवा गाडीचा आस जसा टिकाऊ होतो तसे शरीर होते, असा चरकसंहितेतला दाखला आहे. प्राचीन वैद्य वाग्भटाने डोके, कान आणि पाय यांना विशेष तेल लावायला सांगितले, आणि लगेच अजीर्ण झालेल्याने व कफग्रस्ताने अभ्यंग करू नये असेही बजावले. पंचकर्मात, म्हणजे शरीरशुद्धीच्या पाच उपचारांत, अभ्यंग हे पूर्वकर्म असते, त्यानंतर शेक. कोरडे चूर्ण चोळण्याला उद्वर्तन म्हणतात. दिवाळीचे ‘उटणे’ हा याच शब्दाचा घासून गुळगुळीत झालेला अवतार. केरळात कळरीपयट्टू या युद्धकलेच्या परंपरेतली मालिश पायांनीही करतात : वर टांगलेल्या दोराला धरून तोल सांभाळत तळपाय अंगावरून फिरवायचा.

महाराष्ट्रात सगळ्यात टिकून राहिलेली मालिश बाळ-बाळंतिणीची. मालिशवाल्या मावशी पाटावर पाय लांब करून बसतात, बाळाला नडगीच्या पन्हाळीत आडवे घेतात आणि कोमट तेलाचा हात छातीवरून, मग पोटावरून गोल फिरवतात. उजवा हात डाव्या पायाला लावून तिरका ताण दिला की रडणारे बाळ क्षणभर गप्प होते. मग हळद-तेल घातलेला कणकेचा गोळा फिरवून लव काढायची, टाळू भरायची, पाण्याचे तांबे ओतायचे आणि धुरी. यातले तेल आणि स्पर्श उपयोगाचे आहेत. अकाली जन्मलेल्या बाळांचे वजन नियमित मालिशीने जास्त वाढते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवले. नाकाकानात तेल सोडणे आणि नाक ‘सरळ’ करायला ओढणे हे मात्र बालरोगतज्ज्ञांना मान्य नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुसरे ठिकाण तालीम. जोर-बैठका आणि मातीतली झटापट संपली की पठ्ठे एकमेकांचे अंग रगडतात; मांडीवर तळहाताची टाच, पाठीवर कोपर. आखडलेपण कमी होते हा अनुभव खरा, पण ‘साठलेले लॅक्टिक आम्ल निघून जाते’ हे स्पष्टीकरण चूक. ते आम्ल मालिश न करताही तासाभरात ओसरते.

तिसरी घरगुती रीत म्हणजे काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळणे. वाटी काळी पडली की ‘उष्णता निघाली’ म्हणतात. तो काळेपणा धातू आणि तूप यांच्या घर्षणातून येतो. पाय हलके होतात, झोप लागते. त्यासाठी वाटी काळी पडायची गरज नाही.

आशियातल्या इतर पद्धतींत जपानची शिआत्सू बोटांच्या दाबावर चालते. तेल लागत नाही, कपडे अंगावरच असतात. थायलंडची ‘नुआद थाय’ही कपड्यांवरूनच, जमिनीवरच्या गादीवर होते. तिच्यात दाबाइतकेच हातपाय ताणणे असते. युनेस्कोने २०१९ मध्ये तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. भारतीय चंपी मात्र पश्चिमेकडे गेली : पाटण्यात जन्मलेल्या दीन महोमेद यांनी ब्राइटनला स्नानगृह काढून ती इंग्लंडच्या राजापर्यंत पोहोचवली, आणि चंपीवरूनच आलेला ‘शॅम्पू’ हा शब्द तिथे केस धुण्याला चिकटून बसला.

फायद्यांच्या बाबतीत पुरावा मध्यम आहे. जुन्या कंबरदुखीत काही काळ आराम पडतो, ताण आणि चिंता कमी होते, व्यायामानंतरचा ठणका थोडा उतरतो. शरीरातली ‘विषद्रव्ये’ मालिशीने बाहेर पडत नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. ताप, त्वचेचा संसर्ग, ताजे हाड मोडणे, पायाच्या शिरेत गुठळी असल्याची शंका यांत मालिश टाळावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडे ठिसूळ असतील, तर जोराचा दाब नको. सलूनमध्ये दाढी झाल्यावर फुकटात मिळणारा मान ‘कटकन’ मोडण्याचा झटका ही मालिश नव्हेच. त्याने मानेतली धमनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो.