स्टिअरिंगला प्ले: बॉक्स झिजला की किंगपिन?

जुन्या गाडीचे स्टिअरिंग थोडे फिरवूनही गाडी जागची वळत नाही, या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळी दुखणी असू शकतात, पण पुण्यातल्या गॅरेजात दोन्हींना ‘प्ले (म्हणजे सैलपणा) आलाय’ एवढेच म्हटले जाते. पहिला प्ले स्टिअरिंग बॉक्समधला, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला भाग) आणि त्याच्या आट्यांत बसणारा रोलर किंवा सेक्टर यांच्या झिजेचा. दुसरा प्ले चाकाजवळचा, म्हणजे ज्या उभ्या पिनेभोवती पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते ती किंगपिन आणि तिचे बुश (पिनेभोवतीच्या धातूच्या नळ्या) यांच्या झिजेचा. बॉक्सवर बाहेरून आवळता येणारा स्क्रू असतो आणि किंगपिनला तसे काहीच नसते, म्हणूनच चाकाजवळच्या झिजेची शिक्षा बॉक्सला भोगावी लागते.

तो स्क्रू सरसकट का आवळू नये, हे समजण्यासाठी वर्म कसा झिजतो ते पाहावे लागते. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे वर्मचा मधला भाग सर्वांत जास्त झिजतो आणि दोन्ही टोके जवळजवळ नवी राहतात. मधला प्ले पूर्ण जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणावर रोलर न झिजलेल्या आट्यांत अडकतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. माझ्या फियाट 1100 चा स्क्रू एका गॅरेजात असाच आवळला गेला होता, आणि दिवे घाट उतरताना एका तीव्र वळणानंतर मला स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून सरळ करावे लागले. गाडीचा खरा दोष किंगपिनमध्ये होता.

लक्षणे नीट पाहिली तर दोन्ही दुखणी बरीच वेगळी आहेत. बॉक्सच्या झिजेत हाताला मऊ, रिकामी हालचाल जाणवते, गाडी सरळ रस्त्यावर थोडी इकडेतिकडे भरकटते आणि सतत सावरावी लागते, मात्र थरथर नसते. किंगपिन झिजली असेल तर खड्ड्यातून गेल्यावर किंवा ठराविक वेगाला पुढची चाके वॉबल होतात, ब्रेक लावताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो आणि टायर एका कडेने जास्त घासतो. अर्थात केवळ लक्षणांवर विसंबून पुर्जे उघडू नयेत, कारण टाय रॉड एंडची (स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याची) झीज या दोन्हींसारखी भासते.

खात्री करण्याची पद्धत सोपी आहे, पण तिला दोन माणसे लागतात. गाडी जमिनीवर, चाके सरळ ठेवून एकाने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बॉक्समधून निघणाऱ्या ड्रॉप आर्मवर (स्टिअरिंगची हालचाल पुढच्या दांड्यांना देणाऱ्या हातावर) बोटे ठेवावीत. स्टिअरिंग हलते आणि ड्रॉप आर्म स्थिर राहतो, तर प्ले बॉक्समध्येच आहे. ड्रॉप आर्म लगेच हलतो पण चाक मागे राहते, तर दोष पुढच्या सांध्यांत आहे. त्यानंतर जॅक सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली लावून चाक उचलावे, गाडीला भक्कम स्टँडचा आधार द्यावा, आणि चाक वर व खाली धरून आत-बाहेर हलवावे. हालचाल जाणवली तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबताच हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, आणि तरीही राहिली तर किंगपिनचा. या एका परीक्षेने पुष्कळ पैसे वाचतात. (अ‍ॅम्बॅसडरला रॅक-पिनियन, म्हणजे वर्मऐवजी दातेरी पट्टी आणि छोटे दातेरी चाक असल्यामुळे तिथे ड्रॉप आर्मची परीक्षा लागू होत नाही.)

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 स्टिअरिंगवर 30 अंशांपर्यंतचा प्ले चालवून घेतो. 40 सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर हे अंतर सुमारे 10 सेंमी, म्हणजे जवळपास अर्धी वीत भरते. माझ्या मते घाटात ते फार जास्त आहे.

बॉक्सच्या दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी वर्मची लांबीच्या दिशेची हालचाल शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून घालवायची आणि मगच, चाके सरळ असताना, वरच्या स्क्रूला हात लावायचा. सील गळते म्हणून बॉक्समध्ये ग्रीस भरण्याची सवय मात्र घातक आहे, कारण वर्म ग्रीस कापून बाजूला सारतो आणि ते परत आट्यांवर वाहून येत नाही. सील बदलून 90 नंबरचे गिअर ऑइलच भरावे.

किंगपिनचे काम अधिक नाजूक आहे. पुर्जे नाना पेठेत शोधावेत, किंवा बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात नशीब अजमावावे, पण तिथली वापरलेली पिन मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय घेऊ नये. तयार बुश मिळाला नाही, तर चांगला टर्नर फॉस्फर ब्रॉन्झचा करून देतो. बुश प्रेसने बसवताना त्याचे ग्रीसचे छिद्र निपलसमोरच (ग्रीस भरण्याच्या तोंडासमोरच) आले पाहिजे. बसवलेला बुश आतून किंचित आवळतो, म्हणून वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने (छिद्र मापात कापणाऱ्या हत्याराने), एका रेषेत कापावा लागतो. पॉलिश पेपरने घासून पिन सैल करणारा कारागीर दिसला, तर काम तिथेच थांबवावे. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकली पाहिजे, पण हलवून पाहिल्यास डुलता कामा नये. झिजलेल्या स्टिअरिंग आर्मवर (चाक वळवणाऱ्या हातावर) वेल्डिंगचा थर चढवणे तर कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये, कारण घडीव पोलाद वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ होऊ शकते आणि पुढे पूर्वसूचना न देता तुटू शकते.

काम झाल्यावर टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत झुकलेली ठेवण्याचे माप) तपासून घ्यावे लागते. माझ्या गाडीला नवे बुश बसल्यावर आवळलेला स्क्रू सैल करून योग्य जागी आणला, तेव्हा स्टिअरिंगच्या कडेवर जेमतेम दोन सेंमी प्ले उरला. तो मी तसाच ठेवला आहे.