मुलांसाठी क्ले शूटिंग: परवान्याचा अर्ज शेवटी, बाकीचं सगळं आधी

“मुलगी चौदा वर्षांची आहे, शॉटगन शिकायची म्हणते. परवान्याचा अर्ज कुठे मिळेल?” पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो आणि घोळाची सुरुवातही इथेच होते. क्ले शूटिंगमध्ये परवाना ही पहिली पायरी नाही. आधी क्लब, मग सुरक्षिततेचं प्रशिक्षण, मग शूटर म्हणून नोंदणी, मग स्पर्धा आणि त्यानंतर परवाना. हा क्रम उलटा धरणारे वर्षभर कलेक्टर कचेरीत हेलपाटे घालतात आणि मूल तोवर एकही गोळी न झाडता कंटाळून जातं.

खेळ थोडक्यात सांगतो. यंत्रातून ११० मिलिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅम वजनाची तबकडी हवेत सुटते आणि ती बारा बोअरच्या शॉटगनने फोडायची. तबकडीला ‘क्ले’ किंवा ‘बर्ड’ म्हणतात. ती मातीची मुळीच नसते, डांबरासारख्या पदार्थात चुनखडीची भुकटी मिसळून केलेली असते. ‘बर्ड’ हे नाव जुन्या काळाची आठवण आहे, तेव्हा खरी कबुतरं सोडत. ऑलिंपिकमध्ये आज दोन प्रकार आहेत. ट्रॅपमध्ये तबकडी समोरच्या खंदकातून तुमच्यापासून लांब पळते, कोणत्या कोनात जाईल ते आधी कळत नाही आणि प्राथमिक फेरीत तिच्यावर दोन बार टाकता येतात. स्कीटमध्ये डावी-उजवीकडच्या दोन घरांतून तबकड्या आडव्या येतात, प्रत्येकीला एकच बार. डबल ट्रॅपमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्य मिळवलं होतं, पण तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला. मुलाला तो शिकवण्यात आता अर्थ नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसळे यांच्यामुळे आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की रायफलच डोळ्यांसमोर येते. रायफल-पिस्तूलची सुरुवात सोपी असते. ०.१७७ इंच नळीची एअर रायफल, ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर, शस्त्र परवान्याशिवाय घेता येते. शॉटगनला अशी बिनपरवान्याची पायरीच नाही. पहिल्या दिवसापासून हातात खरं अग्निशस्त्र असतं, म्हणून इथे कागदपत्रांना इतकं महत्त्व.

आता वय. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ९ नुसार २१ वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र स्वतःकडे बाळगता येत नाही. त्याच कलमात प्रशिक्षणासाठी सूट आहे आणि शस्त्र नियम २०१६ ने तिची खालची मर्यादा १२ वर्षं ठेवली आहे. म्हणजे १२ ते २१ वयाच्या मुलाला प्रौढ प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या समक्ष, त्यांच्या थेट देखरेखीखाली नेमबाजीचा सराव करता येतो. बंदूक क्लबची किंवा प्रशिक्षकाची, सराव मुलाचा. पहिली एक-दोन वर्षं एवढंच पुरतं. बारा बोअरचा दणका खांद्याला पेलायलाही तेवढा वेळ लागतोच.

ग्रामीण भागातून हमखास विचारलं जातं, “घरात शेतराखणीच्या परवान्याची बारा बोअर आहे, तिच्यावर चालेल का?” नाही. तो परवाना वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या व्यक्तीच्या नावावर आहे. शेताच्या बांधावर बाटल्या मांडून सराव करणं तर सरळ गुन्ह्याला आमंत्रण आहे. शिवाय ती बंदूक बहुधा शेजारी-शेजारी नळ्यांची असते, तर स्पर्धेत एकावर एक नळ्यांची, खेळाडूच्या मापाला बसवलेली बंदूक वापरतात.

पहिला अर्ज म्हणून क्लबचं किंवा जिल्हा रायफल असोसिएशनचं सदस्यत्व घ्या. ही संस्था राज्य संघटनेशी (आपल्याकडे महाराष्ट्र रायफल असोसिएशन) आणि तिच्यामार्फत नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एनआरएआयशी संलग्न आहे ना, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. संलग्नता नसेल तर तिथली प्रमाणपत्रं पुढे कुठेही चालत नाहीत. दुसरा प्रश्न, तिथे शॉटगनची रेंज आहे का? दहा मीटरची एअर रायफल रेंज शाळेच्या हॉलमध्येही होते. ट्रॅपमधली तबकडी मात्र ७५ मीटरच्या पुढे जाऊन पडते आणि छर्ऱ्यांसाठी त्याहून मोठी मोकळी जागा राखावी लागते. म्हणून आपल्याकडच्या अनेकांना सरावासाठी राज्याबाहेर जावं लागतं. दिल्लीची डॉ. कर्णी सिंग रेंज, पतियाळा, जयपूरची जगतपुरा रेंज आणि भोपाळची मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमी ही त्यातली परिचित ठिकाणं.

सदस्यत्वासाठी आणि एनआरएआयच्या नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रं बरीचशी सारखीच आहेत: जन्मदाखला, आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, शाळेचं बोनाफाइड, पालकांचं संमतीपत्र आणि नोंदणीकृत डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. पासपोर्ट सुरुवातीलाच काढून ठेवा. तो परदेशी स्पर्धेला लागतोच, पण ओळख आणि वय या दोन्हींचा पुरावा म्हणून आधीही उपयोगी पडतो.

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक अर्ज याच जागी अडकतात. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. जन्मदाखल्यावर कधी नुसतं ‘चि.’ किंवा ‘कु.’ आणि पाळण्यातलं नाव. पासपोर्टवरच्या नावात वडिलांचं नाव कधी गायब. नोंदणीत एक स्पेलिंग, प्रमाणपत्रावर दुसरं आणि परवान्याच्या अर्जात तिसरं, असं झालं की प्रत्येक टप्प्यावर प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. मूल बारा वर्षांचं होण्याआधी सगळ्या कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख जुळवून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण पुढची तीन-चार वर्षं हलकी होतात.

नोंदणी झाली की शूटर आयडी मिळतो आणि स्पर्धांच्या प्रवेशिका त्यावरच भरायच्या असतात. वाट अशी: जिल्हा, राज्य अजिंक्यपद, मग अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा आणि तिथे किमान पात्रता गुण मिळाले की राष्ट्रीय अजिंक्यपद. त्यापुढे भारतीय संघाच्या चाचण्या. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर. मूळ घराणं संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं. एनआरएआय १९५१ साली स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. ज्युनियर गट २१ वर्षांखालचा. जन्मतारखेची अट आणि पात्रता गुण त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकात छापलेले असतात. तेच धरायचे, व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने आकडे नाहीत.

आणि आता परवाना. अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्राच्या शस्त्र परवान्यांसाठीच्या एनडाल-एलिस पोर्टलवर ऑनलाइन भरून त्याची प्रत परवाना प्राधिकाऱ्याकडे द्यायची. प्राधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त. ओळख, वय आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, शारीरिक व मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शस्त्र घरी कुठे, कसं कुलुपात ठेवणार याची हमी, एवढं सगळ्यांनाच लागतं. खेळाडूच्या अर्जाला वजन येतं ते वेगळ्या कागदांनी: स्पर्धांतल्या सहभागाची प्रमाणपत्रं, गुणपत्रिका आणि संघटनेचं शिफारसपत्र. नियमांत कमी वयाच्या नेमबाजांसाठी ‘ज्युनियर टार्गेट शूटर’ असा स्वतंत्र वर्ग आहे आणि २०२० च्या अधिसूचनेने या वर्गाची शस्त्रमर्यादा एकवरून दोनवर नेली. त्यापुढे पोलीस पडताळणी. ठाण्यातून बोलावणं आलं की पालकांनी मुलासोबत जावं आणि घरात शस्त्राचं कपाट खरंच बसवलेलं असावं. “परवाना आला की घेऊ” हे उत्तर तिथे चांगलं दिसत नाही.

खर्चाबद्दल लोक बंदुकीची किंमत विचारतात. बेरेट्टा, पेराझी ही इटालियन नावं ऐकून घाबरतात. बंदूक महाग असतेच, पण ती एकदाच घ्यायची. खरा खर्च काडतुसांचा. ट्रॅपच्या एका फेरीत २५ तबकड्या, प्रत्येकीला दोन बार टाकले तर ५० काडतुसं. पात्रता फेरी १२५ तबकड्यांची, म्हणजे कमाल २५०. सराव आठवड्यातून चार दिवस धरा आणि गुणाकार घरीच करा. खुल्या गटात ठरावीक गुण मिळवून ‘रिनाउन्ड शूटर’ दर्जा मिळाला की शस्त्र आणि काडतुसं आयात करण्याची सवलत मिळते. तोपर्यंत क्लबला मिळणारा काडतुसांचा कोटा हाच आधार. त्यामुळे क्लब निवडताना प्रशिक्षकाच्या नावाइतकीच चौकशी काडतुसांच्या पुरवठ्याचीही करा.

हे फक्त पैसेवाल्यांसाठी आहे का? बऱ्याच अंशी हो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण भोपाळची मनीषा कीर मच्छीमाराची मुलगी. मध्य प्रदेशच्या सरकारी अकादमीने तिला निवडून बंदूक, काडतुसं, प्रशिक्षण सगळं दिलं आणि २०१८ च्या जागतिक स्पर्धेत ज्युनियर ट्रॅपचं रौप्य तिने आणलं. त्याच राज्यातली प्रीती रजक ट्रॅप नेमबाज म्हणून सैन्यात भरती झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये भारतीय सैन्यातली पहिली महिला सुभेदार झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कीटच्या मिश्र प्रकारात अनंतजीतसिंग नरुका आणि महेश्वरी चौहान यांचं कांस्य ४३-४४ असं एका तबकडीने हुकलं. रायफल-पिस्तूलपेक्षा इथे खेळाडू कमी आहेत, त्यामुळे मेहनती मुलाला वर सरकायला जागा आहे.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुणांची सोय आहे. पण नोकरीच्या अर्जासोबत नुसतं प्रमाणपत्र चालत नाही, ते विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. तेव्हा स्पर्धेचं परिपत्रक, प्रवेशिकेची पावती आणि निकालपत्र मागितलं तर दाखवता यायला हवं. प्रत्येक स्पर्धेनंतर हे तीन कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा. पाच वर्षांनी आयोजकांकडे मागायला गेलात तर तिथली माणसंही बदललेली असतात.

शेवटची गोष्ट प्रवासाची. परवाना मिळताच त्यावरचं क्षेत्र बघा. तो फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर भोपाळ किंवा दिल्लीला बंदूक नेण्याआधी क्षेत्रवाढीची किंवा प्रवासाची वेगळी परवानगी काढावी लागते. विमानात बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर आधी सांगून. काडतुसं माणशी ५ किलोपर्यंत, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. एका ट्रॅप स्पर्धेला तेवढी पुरत नाहीत, तेव्हा बाकीची स्पर्धेच्या ठिकाणी मिळतील ना, हे तिकीट काढण्याआधी आयोजकांना विचारून घ्या.