कडधान्यभात

तांदूळ आणि आख्खे कडधान्य एका भांड्यात एकत्र आणून केलेल्या, मांसाशिवाय पोटभरीचे जेवण होणाऱ्या भाताला कडधान्यभात म्हणतात. राजमा, चवळी, वाल, हरभरा यांपैकी कोणतेही कडधान्य त्यासाठी चालते. हा भात मसाल्यांपेक्षा वेळेच्या हिशोबावर अधिक अवलंबून असतो. तांदूळ साधारण १५ मिनिटांत शिजतो, तर भिजवलेल्या राजम्याला उघड्या भांड्यात तास-दीड तास लागतो. दोन्ही एकदम चढवले, तर भाताचा गोळा होतो आणि दाणा मात्र कच्चाच राहतो. म्हणून कडधान्य आधी स्वतंत्रपणे पूर्ण शिजवून घेतात आणि मग त्याच्या कटात, म्हणजे शिजल्यावर उरलेल्या दाट पाण्यात, तांदूळ शिजवतात. हा कट ओतून देऊन साध्या पाण्यात भात करणे ही या पदार्थातील सर्वांत मोठी चूक होय, कारण दाण्यांतून उतरलेली चव आणि दाटपणा त्यातच असतो.

चौघांसाठी एक वाटी राजमा ८ ते १२ तास भिजत घालावा. मीठ घातल्यास कडधान्य शिजत नाही हा समज रूढ असला, तरी भिजवण्याच्या पाण्यातील मीठ (एक लिटरला सुमारे १५ ग्रॅम) सालीला मऊच करते, कारण सोडियम सालीतील कॅल्शियम व मॅग्नेशियमची जागा घेतो आणि पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिन या पदार्थाची घट्ट पकड सैल होते. आंबटाचा परिणाम नेमका उलट असतो. टोमॅटो किंवा चिंच आधी पडली, तर दाणे दीर्घकाळ टणक राहतात. त्यामुळे आंबट पदार्थ दाणे शिजल्यावरच घालावेत. चिमूटभर सोड्याने दाणे लवकर मऊ होतात, पण त्यातील थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होत असल्याने तो टाळणे बरे. उष्ण व दमट जागी बराच काळ पडून राहिलेले कडधान्य मात्र कितीही उकळले तरी पुरते शिजत नाही.

राजम्याच्या बाबतीत एक काळजी अनिवार्य आहे. कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते आणि चार-पाच कच्चे दाणेही तीव्र उलट्या होण्यास पुरेसे ठरतात. भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात राजमा किमान १० मिनिटे, खात्रीसाठी ३० मिनिटे, खळखळून उकळावा. मंद आचेवर, उकळी न येता केवळ गरम होत राहिलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक विषारी ठरू शकतो.

दाणा शिजल्याची परीक्षा सोपी आहे. तो चमच्यावर घेऊन फुंकर मारली की साल सुरकुतते, आणि बोटांत चेपला की आत खडूसारखा पांढरा ठिपका दिसत नाही. यानंतर तेलात कांदा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतावा. घाईने करपवलेला कांदा भाताला कडवटपणा देतो. मग लसूण, टोमॅटो आणि धुऊन निथळलेले दीड वाटी तांदूळ घालून दोन मिनिटे परतावे आणि राजमा व तीन वाट्या उकळता कट मिसळावा. दाणे आधीच पाणी पिऊन फुगलेले असतात, त्यामुळे पाण्याचा हिशोब केवळ तांदळाचा धरायचा असतो. एक उकळी येताच आच अगदी मंद करून घट्ट झाकण ठेवावे. पाणी आटल्यावर भांडे उतरवून १० मिनिटे तसेच झाकून ठेवल्यास वाफ सर्वत्र मुरते आणि शिते न मोडता मोकळी होतात.

तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) कमी असते, ते कडधान्यात भरपूर असते. कडधान्यात उणे असलेले मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल तांदूळ पुरवतो. वाढताना पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह अधिक चांगले शोषले जाते.

उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेले वांतिकारक विष भात पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही.